एक्स्ट४डेव्ह: जोखीम सांगून घेतलेली

डिसेंबर २००६. गोल बाजारात लगनसराईची गर्दी आहे. बांगड्या, हळद, पितळी भांडी. ‘कतका के हे?’ (केवढ्याला?) हा खालचा प्रश्न जिना चढून दुकानाच्या माळ्यावर येतो. तुम्ही डबड्या मॉनिटरसमोर बसला आहात. २९ नोव्हेंबरला आलेलं लिनक्स कर्नल २.६.१९ रात्रभरात उतरलंय, चाळीसेक एमबी.

कर्नलची सेटिंगं निवडायचं मेन्यूकॉन्फिग उघडता, बाण दाबत फाइलसिस्टिमपाशी, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींपाशी, येता. यादीत नवं नाव दिसतं: एक्स्ट४डेव्ह. शेजारी इशारा, ‘एक्सपेरिमेंटल’. स्पेसबार दाबता.

“दुकानाच्या हिशोबाला हात लावायचा नाही हं!” बाबा जिन्यातून बजावतात.

जूनमध्ये कर्नलवाल्यांचा वाद याच मुद्द्यावर पेटला होता. एक्स्ट३ ही आधीची फाइलसिस्टिम १६ टेराबाइटला अडत होती, म्हणून मोठ्या डिस्कसाठीचे बदल तिच्यातच घालायचं घाटत होतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स अडून बसले: लोक ज्यावर विसंबून आहेत, ते ढवळू नका. मग फाइलसिस्टिमवर काम करणाऱ्या टेड त्सो यांनी योजना मांडली. एक्स्ट३च्या कोडची नक्कल करून वेगळी चूल मांडायची आणि काम पुरं होईपर्यंत नावामागे ‘डेव्ह’ ठेवायचं.

तुम्ही जुनी रिकामी डिस्क जोडता. एक्स्ट३ प्रत्येक ४ केबीच्या ब्लॉकची नोंद वेगळी ठेवायची. १०० एमबीच्या फाइलला २५,६०० नोंदी. इथे ‘एक्स्टेंट’ आहेत: ‘इथून पुढे इतके ब्लॉक’ एवढं एका नोंदीत भागतं. फाइली टाकता, मुद्दाम प्लग उपटता, पुन्हा सुरू करून तपासता. काही बिघडलं तरी खाली दुकानात कुणाचं काही अडणार नाही.

पुढे सरका. एप्रिल २००८, २.६.२५. आता जर्नलच्या, म्हणजे डिस्कवरच्या बदलांच्या वहीतल्या, नोंदींना चूक पकडणारा चेकसम मिळालाय. त्या पॅचवर गिरीश शिलामकर हे आपल्याकडचं वाटणारं नाव वाचून तुम्ही क्षणभर थबकता. २५ डिसेंबर २००८ ला २.६.२८ येतं आणि ‘डेव्ह’ गळून पडतं; उरतं नुसतं एक्स्ट४.

“मग टाकायचा का हिशोब नव्यावर?” बाबा विचारतात.

“थोडं थांबू.”

मार्च २००९. ठिकठिकाणचे लोक तक्रार करताहेत: मशीन अचानक बंद पडलं आणि नुकत्याच सेव्ह केलेल्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या. एक्स्ट३ साधारण पाच सेकंदांत डेटा डिस्कवर उतरवायची. एक्स्ट४ वेगासाठी डेटाची डिस्कवरची जागा ठरवणं लांबणीवर टाकते, आणि तो अवधी अर्ध्या मिनिटाहूनही वाढू शकतो. नियमाने प्रोग्रामांनीच एफसिंक करून, म्हणजे डेटा लगेच डिस्कवर उतरवायला सांगून, खात्री करायला हवी होती. पण एक्स्ट३ने त्यांना लाडावून ठेवलं होतं. तंटा नियमापाशी सोडून न देता कर्नलवाले पडतं घेतात: २.६.३० पासून जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवली, की तिचा डेटा आधी उतरवला जातो.

दोन वर्षं घासूनपुसून तपासलेल्या कोडमधलीही ही खोच रोजच्या वापरातच उघडी पडली. म्हणून अर्धवट कोड आत घेण्यात चूक नव्हती. बाहेर राहता तर तो इतक्या हातांखालून गेलाच नसता. पथ्य एकच होतं: जोखीम ज्याने समजून घेतली, त्याच्याच डिस्कवर प्रयोग.