चेन्नईकडे न वळलेला बाजार

बुधवार, 24 फेब्रुवारी 2021. दुसऱ्या दिवशी फ्युचर्स-ऑप्शन्सची मासिक एक्स्पायरी (सौद्यांची मुदत संपण्याचा दिवस). साहजिकच मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, उघडे सौदे भरपूर.

सकाळी 9.15. बाजार नेहमीसारखा उघडला. एनएसईचे मुख्य संगणक केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, जवळचे पर्यायी केंद्र कुर्ल्यात, लांबचे चेन्नईत. केंद्रांना जोडायला दोन दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेल्या अनेक लाइन. कागदावर सगळे दुहेरी-तिहेरी.

10 वाजून काही मिनिटे. एनएसईचा निर्देशांक निफ्टी, त्याचा आकडा पडद्यावर थबकला. शेअरचे भाव मात्र बदलत होते.

आत काय घडत होते, ते एनएसईने पुढे महिनाभराने सांगितले. रस्त्याच्या खोदकामामुळे दोन्ही कंपन्यांच्या लाइन डळमळल्या. अशा वेळी मुख्य केंद्राने एकट्याने काम रेटायला हवे होते. घडले उलटेच: तिथली डेटा साठवणारी यंत्रणाच सर्व्हरच्या हाती लागेना. सौदे जुळवणारे संगणक ठीक होते. पण कोणाचे मार्जिन किती आणि जोखीम किती, हे क्षणोक्षणी तपासणारी क्लिअरिंगची यंत्रणा आंधळी झाली. मला यातली खरी मेख इथेच दिसते. दोन केंद्रे एकमेकांना इतकी घट्ट बांधलेली की मधली लाइन गेली आणि धडधाकट केंद्रही लंगडे पडले.

11.40. सर्व विभाग बंद. जोखीम मोजता येत नसताना बाजार चालू ठेवणे घातक होते, त्यामुळे हा निर्णय योग्यच.

दुपारचे 12, 1, 2. व्यवहार पुन्हा कधी सुरू होणार, याचा पत्ता नाही. चेन्नईचे केंद्र अशाच दिवसासाठी उभारलेले, पण कारभार तिकडे हलवला गेला नाही. मुंबईचाच दुसरा शेअर बाजार बीएसई चालू होता, म्हणून शेअरमध्ये अडकलेल्यांना तिथे वाट होती. निफ्टीचे ऑप्शन्स धरून बसलेल्यांना तीही नव्हती. ज्यांनी तुटपुंज्या भांडवलावर सौदे केले होते, त्यांच्यासाठी हे तास जीवघेणे होते, आणि त्यांना नेमकी वेळ सांगणे हे बाजाराचे कर्तव्य होते.

3.15च्या सुमारास. दिवस संपत आला, म्हणून अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे (त्याच दिवशी मिटवायचे) सौदे बीएसईवर मिळेल त्या भावात कापले. आणि त्याच सुमारास एनएसईची घोषणा आली: बाजार 3.45ला उघडेल, 5 पर्यंत चालेल.

5.00. बीएसईचा निर्देशांक सेन्सेक्स 1,030 अंकांनी वर बंद. भाव चढतील म्हणून सकाळी खरेदी केलेल्यांचा अंदाज बरोबर होता. सौदा मात्र हातात उरला नव्हता.

त्यानंतर महिन्याभरात बाजार नियामक सेबीने नियम आवळले: बिघाड झाल्यापासून 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, आणि तिथून 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. 2023 मध्ये एनएसईने 49.77 कोटी रुपये भरून या बिघाडाचे सेबीकडचे प्रकरण मिटवले.