डोईफोडियाहून मुंबई किती लांब?

आमच्या डोईफोडियात मूल जास्त आजारी झालं की पहिली धाव खकनारला, नाहीतर बुऱ्हाणपूरला. तिथे "मुंबईला न्या" असं सांगितलं, की घरातल्या बायांचा पदर डोळ्याला लागतो. मुंबई म्हणजे टाटा, आणि टाटा म्हटलं की आजाराचं नाव घ्यावं लागत नाही. बुऱ्हाणपूरहून रेल्वेने जवळपास 500 किलोमीटर.

या हॉस्पिटलचं मूळ एका बाईच्या आजारपणात आहे. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही वारले, पण त्यांच्या ट्रस्टने 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला हे हॉस्पिटल उभं केलं. तेव्हा रक्ताचा कर्करोग झालेलं मूल जगात कुठेच वाचत नसे. 1948 साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने हा आजार काही काळ तरी मागे हटतो हे दाखवलं. त्या औषधामागे आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे कष्ट होते.

आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या दहांपैकी आठ मुलं बरी होतात. गरीब देशांत कितीतरी ठिकाणी तीनसुद्धा नाहीत. याचं एक कारण उशिरा होणारं निदान, आणि दुसरं म्हणजे अर्ध्यावर सुटणारे उपचार. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. मजुरी करणारा बाप किती खेपा करणार? आमच्या ओळखीतल्या एका घरात हेच झालं. मुलगा खेळायला लागला, घरच्यांना वाटलं बरा झाला, पुढची तारीख चुकली, मग तीही पुढची. आजार परत आला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. त्या आईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. "तारीख चुकवू नका" असं सांगणारं तिला जवळ कोणीच नव्हतं.

म्हणून दूरवैद्यक, म्हणजे टेलिमेडिसिन, मला महत्त्वाचं वाटतं. 2001 च्या सुमारास इस्रोने उपग्रहावरून गावचे दवाखाने मोठ्या हॉस्पिटलांना जोडायला सुरुवात केली. टाटानेही बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि चिपळूणजवळच्या डेरवणचं वालावलकर रुग्णालय यांच्याशी असा दुवा जोडला. 2004 पासून जॉर्डनचे डॉक्टर मेंदूत गाठ असलेल्या मुलांचे फोटो पडद्यावर ठेवून कॅनडातल्या टोरांटोच्या डॉक्टरांशी बोलू लागले. त्या पहिल्या 64 मुलांपैकी 23 जणांच्या उपचारांत मोठा बदल सुचवला गेला. म्हणजे इथे मूल हललं नाही, ज्ञान हललं! आपल्याकडे 2012 साली राष्ट्रीय कर्करोग ग्रिड सुरू झाली. आता तिथे वेगवेगळ्या गावांचे डॉक्टर पडद्यावर एकत्र बसून अवघड रुग्णांवर विचार करतात. 25 मार्च 2020 ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, सरकारने फोनवरच्या सल्ल्याचे नियम काढले आणि महिनाभरात ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडीही सुरू झाली.

पण बायांनो, पडद्यातून सलाईन लागत नाही. हाडाच्या मगजाची तपासणी, केमोथेरपी, रक्त चढवणं, हे सारं हाताने आणि हॉस्पिटलातच व्हायचं. केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला तर फोनची वाट बघत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. मधल्या काळातला सल्ला, रक्ताचा रिपोर्ट दाखवणं, पुढच्या तारखेची आठवण, एवढं जरी बुऱ्हाणपुरातून झालं तरी कितीतरी खेपा वाचतील.

आपल्यात आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दानं सांगितली आहेत. आहारदान आपण पर्युषणात मनापासून करतो. आता एखाद्या आजारी लेकराच्या आईशेजारी फोन घेऊन बसावं, डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या बोलीत सांगावं, पुढची तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तेवढ्यात उरलेली तीनही दानं होतात. त्याला पैसा लागत नाही, दुपारचा एक तास लागतो. तो आपल्यापाशी आहे.