हनौमा बे

हनौमा बे हा अमेरिकेच्या हवाई राज्यातील ओआहू बेटावरचा एक लहान उपसागर व संरक्षित सागरी क्षेत्र आहे. तो बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, वायकीकीपासून सुमारे १६ किलोमीटर अंतरावर आहे. किनाऱ्यालगतची प्रवाळभित्ती व उथळ, शांत पाणी यांमुळे तो स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे काचेचा मुखवटा व श्वसननळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावरून समुद्रतळ पाहण्यासाठी, प्रसिद्ध आहे. अतिपर्यटनाने झालेली हानी व ती रोखण्यासाठी घातलेले निर्बंध यांमुळेही या ठिकाणाचा अभ्यास केला जातो.

नाव व भूरचना

हवाईयन भाषेत ‘हाना’ म्हणजे उपसागर. ‘उमा’ या शब्दाचा अर्थ ‘वक्र’ असा घेतला जातो. पंजा लढविण्याच्या खेळाशीही त्याचा संबंध जोडतात. हा उपसागर मूळचे ज्वालामुखीचे मुख होय. ज्वालामुखीय राखेपासून बनलेल्या त्याच्या कड्याची समुद्राकडील बाजू लाटांच्या माऱ्याने ढासळली व आत पाणी शिरले. उरलेल्या तिन्ही बाजूंच्या कड्यांमुळे किनाऱ्याला अर्धचंद्राकृती आकार लाभला आहे.

जीवसृष्टी

येथे पोपटमासे, फुलपाखरूमासे, हिरवी समुद्री कासवे व हवाईचा राज्यमासा ‘हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ’ आढळतो. पोपटमासे आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरील शेवाळ खरवडतात. त्याबरोबर पोटात गेलेला चुनखडीचा अंश ते बारीक वाळूच्या रूपाने बाहेर टाकतात. किनाऱ्यावरील पांढऱ्या वाळूचा काही भाग असा तयार होतो.

इतिहास

१९५०च्या दशकात सागरी दूरध्वनी तार टाकण्यासाठी प्रवाळभित्तीचा काही भाग सुरुंगांनी फोडण्यात आला. १९६१ साली प्रदर्शित झालेल्या, एल्व्हिस प्रेस्ली यांच्या ‘ब्लू हवाई’ या चित्रपटाचे काही चित्रीकरण येथे झाले. १९६७मध्ये राज्य शासनाने उपसागराला संरक्षित सागरी क्षेत्र घोषित करून मासेमारीस बंदी घातली. हवाईमधील हे अशा प्रकारचे पहिले क्षेत्र होय.

मासेमारी थांबल्याने मासे वाढले आणि माणसाला बुजेनासे झाले. परिणामी पर्यटकांचा ओघ वाढला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस काही दिवशी येथे १०,०००हून अधिक लोक येत. त्यांच्या पायांखाली प्रवाळ तुडविले जाई, तळाचा गाळ ढवळून पाणी गढूळ होई. माशांना पाव व वाटाणे घालण्याच्या प्रथेमुळे आक्रमक जातींचे प्रमाण वाढले. अशा रीतीने संरक्षणाचे यशच ऱ्हासाचे कारण ठरले.

निर्बंध व परिणाम

१९९०पासून पर्यटकांची संख्या टप्प्याटप्प्याने मर्यादित करण्यात आली. १९९९मध्ये माशांना खाद्य घालण्यास बंदी झाली. २००२मध्ये शिक्षण केंद्र सुरू झाले. समुद्रात उतरण्यापूर्वी तेथील माहितीपट पाहणे बंधनकारक आहे. प्रवाळास अपायकारक मानलेली ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाई राज्याने १ जानेवारी २०२१पासून बंदी घातली.

कोविड-१९ महासाथीमुळे २०२०मध्ये उपसागर अनेक महिने बंद राहिला. त्या काळात पाणी अधिक स्वच्छ झाल्याचे आणि दुर्मिळ हवाईयन मंक सीलचा वावर वाढल्याचे संशोधकांना आढळले. त्यानंतर दैनंदिन संख्येवर अधिक कडक मर्यादा घालण्यात आली. आठवड्यातून सोमवार व मंगळवार हे दोन दिवस उपसागर बंद ठेवण्याची पद्धतही सुरू झाली. बाहेरून येणाऱ्या प्रौढांसाठी शुल्क २५ डॉलर करण्यात आले; हवाईच्या रहिवाशांना ते माफ आहे.

पर्यटकांसाठी नियम व सुरक्षितता

प्रवाळावर उभे राहणे, प्रवाळ, दगड वा वाळू नेणे आणि जलचरांना त्रास देणे निषिद्ध आहे. प्रवाळ दगडासारखे दिसत असले, तरी ते सजीवांच्या वसाहतींनी बनलेले असून त्यांची वाढ अत्यंत मंद असते. त्यामुळे क्षणभर टेकलेले पाऊलही त्यांना दीर्घकाळची इजा करू शकते. भित्तीच्या आतील पाणी शांत असले, तरी बाहेरील भागात प्रवाह जोरदार असतात. म्हणून नवशिक्यांनी भित्तीच्या आतच राहून जीवरक्षकांच्या सूचना पाळणे आवश्यक ठरते.