एकाने वाचावे, घराने ऐकावे

मराठी लघुकथेचा इतिहास आपण बहुधा छापील पानांवरून लिहितो. नियतकालिक कोणते, साल कोणते, संग्रह कोणता, हे सारे त्यात येते. पण कथा लोकांपर्यंत पोचली कशी, हा प्रश्न मागे राहतो. गेली काही वर्षे मी जुन्या कथांची ध्वनिमुद्रित वाचने ऐकतो आहे आणि ऐकून झाल्यावर मूळ पान पुन्हा उघडतो आहे. त्यातून माझे एक मत पक्के होत गेले. हरिभाऊ आपट्यांच्या पिढीची कथा डोळ्यांइतकीच कानांसाठीही होती, आणि ध्वनिमुद्रणामुळे तिला तिचा जुना श्रोता परत मिळतो आहे.

आपट्यांनी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले ते १८९० साली. त्यानंतर अकरा वर्षांनी झालेल्या जनगणनेत हिंदुस्थानातले साक्षर पुरुष शंभरात जेमतेम दहा होते. साक्षर स्त्रिया शंभरात एकही भरत नव्हती. अशा समाजात घरगुती वाचनासाठी निघालेले साप्ताहिक केवळ वर्गणीदाराच्या डोळ्यांवर जगणे कठीण होते. चातुर्मासातले पुराण, श्रावणातल्या कहाण्या, देवळातले कीर्तन यांमुळे एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे ही रीत घरोघरी आधीपासून होती. गोष्टीचा अंक त्याच रिवाजात सामावला असणार, असे माझे अनुमान आहे.

या अनुमानाला कथांच्या शीर्षकांतच आधार सापडतो. ‘काळ तर मोठा कठीण आला’, ‘पुरी हौस फिटली’ ही आपट्यांच्या कथांची नावे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ हे कादंबरीचे. तिन्ही बोलण्यातली वाक्ये आहेत. दुष्काळावरच्या त्या प्रसिद्ध कथेच्या नावातला ‘तर’ छापात सहज नजरेआड होतो. मोठ्याने वाचताना मात्र आघात कुठे द्यायचा हे ठरवावेच लागते. ‘काळ’वर जोर दिला तर ती तक्रार होते, ‘तर’वर रेंगाळले तर तो हताश उद्गार होतो. वाचणाऱ्याला अर्थाची निवड टाळता येत नाही.

दुसरा लाभ शुद्धलेखनाशी निगडित आहे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यानंतर शाळा शिकलेल्या वाचकाला ‘घरांत’, ‘लक्षांत’, ‘तें’, ‘कसें’ अशा टिंबांनी भरलेले पान परके वाटते. तरुण वाचक पहिल्याच परिच्छेदाशी थबकताना मी पाहिले आहेत. प्रमाण उच्चारात मात्र ही टिंबे ऐकूच येत नाहीत. पानावर दुर्बोध वाटणारी भाषा कानावर पडली की ओळखीची वाटते. शब्द जुने असतात, वाक्ये लांब असतात. पण आवाजाने योग्य जागी विसावा घेतला की ती वाक्ये उलगडतात.

मग हे इतक्या उशिरा का घडले? १९६० नंतर मराठीत कथाकथनाची मोठी लाट आली. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी सभागृहे भरवली. पण ते आपापल्या कथा सांगत होते. १९१९ साली गेलेल्या आपट्यांसाठी व्यासपीठावर उभे राहणार कोण? कथाकथनाने कथा सांगणाऱ्या लेखकाला मोठे केले, आणि आधीची पिढी मुकी राहिली.

आता कायद्याचीही अडचण उरलेली नाही. १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क राहत. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे झाली. मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून ती मोजतात. त्यामुळे साने गुरुजींचे साहित्य २०११ च्या आरंभी मुक्त झाले आणि ‘मनोरंजन’मधून शेकडो कथा लिहिणारे वि. सी. गुर्जर २०२३ च्या आरंभी. अत्रे २०३० मध्ये होतील. एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते: मूळ कथा मुक्त असली तरी नव्या संपादकाची प्रस्तावना, अलीकडचा अनुवाद किंवा दुसऱ्याने केलेले ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात.

हक्क संपले म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. काही ध्वनिमुद्रणांत कथेतले ‘वाचकहो’ हे संबोधन गाळलेले मला आढळले. निवेदकाची विषयांतरे छाटलेली आढळली. ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ नये, हा हेतू असेल. पण ही संबोधने समोर बसलेल्या घोळक्याला जवळ ओढण्यासाठीच होती. तीच काढली तर कथा पुन्हा एकट्याच्या वाचनाची होते. शिवाय पुस्तक हाती असलेल्याला गाळलेला मजकूर ताडून पाहता येतो, श्रोत्याला ते शक्य नसते. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी कथा प्रथम कुठे आली, कोणत्या सालची प्रत वाचली आणि काही गाळले आहे का, एवढे तरी सांगायला हवे. दोन-तीन वाक्यांचे काम आहे.

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि आपल्या दिवाळी अंकांची परंपरा तिथून धरली जाते. त्या मासिकाच्या फायलींतल्या कितीतरी कथा कधीच पुस्तकात आल्या नाहीत. कागद ठिसूळ होतो आहे, पाने उलटताना कडा तुटतात. त्या फायलींची छायाचित्रे घेण्याचे काम जिथे चालू आहे, तिथे त्यासोबत एखादी कथा स्पष्ट आवाजात वाचून ठेवली तर फारसा जादा खर्च येणार नाही. सुरुवात गुर्जरांपासून करावी, असे मी सुचवीन. त्यांच्या कथा नेटक्या, संवादांनी भरलेल्या आणि शेवटी कलाटणी देणाऱ्या आहेत. तो शेवट घरातल्या सगळ्यांनी एकाच क्षणी ऐकावा, अशी त्यांची घडण आहे.