जांभ्यात मुरणारे पाणी
पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशाह वलीने आपली राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला हलवली, ती पावसाचे पाणी झिरपू देणाऱ्या जांभ्याच्या, म्हणजे सच्छिद्र तांबड्या दगडाच्या, पठारावर. हे पाणी खालच्या बेसाल्टवर, म्हणजे घट्ट काळ्या दगडावर, अडते, म्हणूनच बीदरजवळच्या नौबादचा कारेझ, म्हणजे उताराने पाणी वाहून नेणारा इराणी धर्तीचा भूमिगत बोगदा, शक्य झाला. त्याला स्थानिक लोक सुरंग बावी म्हणतात आणि हवा-उजेडासाठी त्यावर ठिकठिकाणी उभे झरोके आहेत. छपराच्या नळाचे पाणी अंगणातील शोषखड्ड्यात, म्हणजे दगडगोटे भरलेल्या खड्ड्यात, सोडण्याची आजची रीतही जांभ्याच्या याच गुणावर चालते. कलबुर्गीच्या काळ्या चिकण जमिनीत मात्र पाणी फार सावकाश मुरते, त्यामुळे बीदरचा खड्डा तेथे जसाच्या तसा खणणे चुकीचेच.