रॉटनस्टॉल, रिश्टन, हॅसलिंग्डन

जून १९५२. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि धावफलकावर एकही धाव लागण्याआधी चार गडी तंबूत परतले. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि पहिल्या डावात शतक काढलेले विजय मांजरेकर. शून्यावर चार हा आकडा क्रिकेटवेड्या घरांत अजून सांगितला जातो. त्यापुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. भारताचा सर्वांत भरवशाचा अष्टपैलू खेळाडू त्या दिवसांत इंग्लंडमध्येच होता, पण भारताच्या संघात नव्हता. विनू मांकड लँकाशायरमधल्या हॅसलिंग्डन या छोट्या गिरणगावाच्या क्लबाकडून पगारी खेळाडू म्हणून खेळत होते.

दौऱ्यावर आपली निवड होणार की नाही, एवढंच त्यांनी भारतीय क्रिकेट मंडळाला आधी विचारलं होतं. तसा शब्द मिळाला नाही, तेव्हा त्यांनी क्लबाशी करार केला. हेडिंग्लेच्या पराभवानंतर त्याच मंडळाला हॅसलिंग्डनपुढे पदर पसरावा लागला. क्लबाने त्यांना मोकळं केलं. लॉर्ड्सवर मांकडांनी पहिल्या डावात ७२ आणि दुसऱ्या डावात १८४ धावा केल्या, इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटकं टाकून ५ बळी घेतले. भारत तरीही आठ गड्यांनी हरला. पण तो सामना आजही मांकडांच्या नावाने ओळखला जातो.

त्या भारतीय संघाचे कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. ते स्वतः काही वर्षांपूर्वी लँकाशायरच्याच रॉटनस्टॉल क्लबाचे व्यावसायिक खेळाडू होते. मांकड कुठे आहेत आणि तिथे कशासाठी आहेत, हे त्यांच्याइतकं संघात क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

ही लँकाशायर लीग समजून घ्यायला हवी. मँचेस्टरच्या उत्तरेला डोंगरउतारांवर वसलेली कापडगिरण्यांची गावं: नेल्सन, कोल्न, बर्न्ली, अ‍ॅक्रिंग्टन, रिश्टन, हॅसलिंग्डन, रॉटनस्टॉल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांच्या क्लबांनी मिळून ही लीग उभी केली. सामना शनिवारी दुपारी, गिरणीची शिट्टी झाल्यावर. संघात दहा जण गावचे, म्हणजे विणकर, कारकून, दुकानदार. अकरावा पगारी. प्रत्येक क्लबाला असा एकच व्यावसायिक ठेवता येई. त्याने फलंदाजी करायची, गोलंदाजीही करायची आणि आठवड्यातून काही संध्याकाळी गावच्या पोरांना शिकवायचं. अर्धशतक झालं किंवा भरपूर बळी मिळाले की प्रेक्षकांतून टोपी फिरे आणि तिच्यात पडलेली नाणी त्याची. पुढच्या शनिवारी तो शून्यावर बाद झाला, तर तेच प्रेक्षक त्याला रस्त्यात गाठून जाब विचारत.

ज्या गावांच्या मागांवर वऱ्हाडचा कापूस गेला होता, ज्यांच्या कापडाविरुद्ध आपण स्वदेशीची चळवळ केली, १९३१ साली ज्या मुलुखातल्या डार्वेन गावी जाऊन गांधीजी गिरणीकामगारांना भेटले, त्याच मुलुखात आपले खेळाडू मजुरीला गेले.

त्याआधी मराठी मुलखात पगारी क्रिकेट नव्हतं असं नाही, पण त्याचं रूप वेगळं होतं. पालवणकर बाळू पुण्याच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनी शंभरावर बळी घेतले. ते परत आले तेव्हाही जात होती तिथेच होती. दुसरीकडे संस्थानिकांचा आश्रय होता. नागपूरचे सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत हुद्देदार होते, हजारे बडोद्याच्या सेवेत. खेळण्यासाठी पैसे मिळत, पण त्याला पगार म्हणायचं नाही. ती मेहेरबानी असे आणि मर्जी फिरली की संपे. १९४८च्या सुमारास संस्थानं विलीन झाली आणि ही छत्रं एकेक करून मिटली. कसोटी खेळण्याचा भत्ता घर चालवण्याजोगा नव्हता. आपल्याकडे क्रिकेट हिवाळ्यात, इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात. लीगचा करार मिळाला तर वर्षाचे बाराही महिने खेळून पोट भरता येई. तेव्हाच्या खेळाडूंना लँकाशायर का दिसू लागलं, याचं कारण एवढं साधं आहे.

वाट आधीच कुणीतरी मळली होती. त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ अशी नऊ वर्षं नेल्सनकडून खेळले. त्या गावात गोरा नसलेला माणूस दिसणं ही तेव्हा नवलाई होती. या नऊ हंगामांत नेल्सनने सात वेळा लीग जिंकली आणि पुढे कॉन्स्टंटाइन लॉर्ड झाले, तेव्हा त्यांनी आपल्या किताबात नेल्सनचं नाव घातलं. त्याच दशकात अमरसिंग कोल्नकडून खेळले आणि १९३८ साली नेल्सनमध्ये कॉन्स्टंटाइन यांची जागा लाला अमरनाथांनी घेतली. गावांना बाहेरचा माणूस चालत होता, कारण त्याला बघायला तिकीट काढून लोक येत. काऊंटी क्रिकेटचं तसं नव्हतं. तिथे परक्याला आधी ठरावीक काळ त्या हद्दीत राहून दाखवावं लागे. लहान दार पैशाने उघडलं होतं. मोठ्या दाराला कायद्याचं कुलूप होतं.

या लहान दारातून आत गेलेल्यांत मुंबईचे सुभाष गुप्ते होते. १९५४पासून काही हंगाम ते रिश्टनचे व्यावसायिक होते. लेगस्पिन ही त्यांची कला. ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत, दर शनिवारी बळी मिळवून द्यायचे आणि उरलेल्या दिवसांत पोरांना चेंडू कसा धरायचा ते शिकवायचं. १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडिजचे एका डावात नऊ बळी घेणारा गोलंदाज तो हाच. गॅरी सोबर्स यांनी आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हणून त्यांचंच नाव घेतलं.

आणि घरचं दार? १९६१च्या दिल्ली कसोटीच्या वेळी हॉटेलातल्या खोलीतल्या सहकाऱ्याने केलेल्या एका फोनवरून तक्रार झाली. खोली एक म्हणून गुप्त्यांनाही दोषी धरलं गेलं. ३६ कसोटींत १४९ बळी घेतलेला हा माणूस पुन्हा भारताकडून खेळला नाही. पत्नी त्रिनिदादची होती. ते तिथेच स्थायिक झाले आणि २००२ साली तिथेच वारले. परक्या गावाने त्यांना दर शनिवारी पारखलं. आपल्या लोकांनी एकदाच पारखलं आणि तेही मैदानाबाहेर.

काऊंटीचं कुलूप १९६८ साली निघालं. परदेशी खेळाडूला लगेच नोंदवून घ्यायची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी मुंबईचे फारूख इंजिनीयर लँकाशायर काऊंटीकडे गेले. १९८० साली सुनील गावसकर एक हंगाम सॉमरसेटकडून खेळले. यॉर्कशायर मात्र आपल्या हद्दीत जन्मलेल्यांखेरीज कुणालाही घेत नसे. १९९२ साली त्यांनी परदेशी खेळाडू घ्यायचं ठरवलं, क्रेग मॅकडरमॉट दुखापतीमुळे येऊ शकले नाहीत आणि ती जागा मिळाली एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरला, मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांच्या मुलाला. १६ सामने, १०७० धावा, एक शतक. ही नोंद सगळ्यांना माहीत असते. रॉटनस्टॉलची आणि रिश्टनची कुणी विचारत नाही.

ही रीत एका खेळाची किंवा एका देशाची नाही. होक्काइडोतल्या कुशिरो गावचा गोलरक्षक युताका फुकुफुजी हा उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरलेला पहिला जपानी. २००४ साली लॉस एंजेलिस किंग्जने त्याची निवड केली, ती आठव्या फेरीत, २३८व्या क्रमांकावर. त्यानंतर त्याने बेकर्सफील्ड, रेडिंग, मँचेस्टर अशा लहान शहरांच्या दुय्यम लीगमध्ये बर्फावर दिवस काढले. जानेवारी २००७मध्ये त्याला मोठ्या लीगचं मैदान मिळालं. एकूण चार सामने. नोंदवहीत ते चारच ठळक राहिले. त्याची खरी नोकरी मात्र त्या लहान शहरांत झाली होती.

बूढापाऱ्यातल्या वाचकाला ही गोष्ट फार लांबची वाटू नये. बूढा तलावाजवळच्या शाळेला ज्यांचं नाव आहे, ते माधवराव सप्रे घरी मराठी बोलणारे. ‘छत्तीसगढ मित्र’ त्यांनी १९०० साली हिंदीत काढलं, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. भोसल्यांच्या काळापासून या मुलखात आलेल्या मराठी कुटुंबांना परक्या अंगणात आपलं काम सिद्ध करणं म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही.

पण आता अंगण बदललं आहे. २०१३ साली रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर आयपीएलचे सामने झाले आणि परदेशी व्यावसायिक खेळाडू आपल्या गावात पगारावर खेळून गेले. अकरा जणांत परदेशी चारच, हा नियम आता आपण करतो. २०१७ साली अफगाणिस्तानचे रशीद खान आणि मोहम्मद नबी आले, २०१८ साली नेपाळचा संदीप लामिछाने. त्यांच्याही मागे कुठली तरी लहान मैदानं, कुठले तरी रिश्टन असणारच. कुलपाची किल्ली या वेळी आपल्या हातात आहे. ती हातात असलेल्यांनी हजारे आणि गुप्ते यांचे ते शनिवार आपल्या क्रिकेटच्या इतिहासात लिहून ठेवायला हवेत, कसोटीच्या आकड्यांच्या शेजारी.