फूर्ये रूपांतराची शून्यस्थाने आणि एका स्थिरांकाचा इतिहास

सत् रेषेवर वाटून ठेवलेल्या सांत धन वस्तुमानाचे फूर्ये रूपांतर कोठे शून्य होते, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. आरंभबिंदूशी त्याची किंमत एकूण वस्तुमानाइतकी असते, म्हणून तेथे ते शून्य होत नाही. वितरण सममित व सांत अंतरालात सामावलेले असेल, तर असत् अक्षावरही शून्यस्थान सापडत नाही. गाउस यांच्या वितरणाच्या रूपांतरास तर शून्यस्थानच नाही.

प्रश्नास महत्त्व आले ते रीमान यांच्या 1859 च्या निबंधामुळे. त्यांचे क्साय-फलन हे एका सम, धन व अतिशय वेगाने घटणाऱ्या फलनाचे फूर्ये रूपांतर होय; त्याची सर्व शून्यस्थाने सत् आहेत, हेच त्यांचे सुप्रसिद्ध गृहीतक. 1926 मध्ये पोल्या यांनी मूळ फलनाऐवजी त्याच्याशी जवळीक असलेले सोपे फलन घेतले आणि त्याच्या बाबतीत तसे सिद्ध केले. मूळ प्रश्न त्याने सुटला नाही. तथापि निबंध वाया गेला असे म्हणता येत नाही. त्यातील युक्ती मार्क काट्स यांनी ली व यांग यांच्या चुंबकविषयक प्रश्नाच्या एका विशेष प्रकारास लावली, आणि त्या दोघांचे व्यापक प्रमेय 1952 मध्ये प्रसिद्ध झाले.

दरम्यान 1950 मध्ये डी ब्रॉइन यांनी मध्यापासून दूरच्या वस्तुमानास अधिक वजन देणारा एक घातीय गुणक योजला. अंतराचा वर्ग गुणिले 'त' हा त्याचा घातांक. त्याचे कार्य एका लहान उदाहरणात स्पष्ट दिसते. +1 व −1 येथे प्रत्येकी 1 आणि मध्ये 'म' वस्तुमान ठेवल्यास रूपांतर म + 2 कोज्या क्ष होते. 'म' 2 पेक्षा कमी असेतो शून्यस्थाने सत् व वेगवेगळी राहतात. 2 होताच ती जोडीजोडीने एकत्र येतात व पुढे अक्ष सोडून वर-खाली जातात. गुणक लावला की ही सीमा सरकते: 'त' हा म/2 च्या नैसर्गिक लघुगणकाइतका झाला की सर्व शून्यस्थाने सत् अक्षावर परततात.

रीमान यांच्या फलनासही असाच एक सीमास्थिरांक आहे, हे न्यूमन यांनी 1976 मध्ये दाखविले. तो 1/2 पेक्षा अधिक नाही, हे डी ब्रॉइन यांच्या निष्कर्षातूनच मिळते. तो शून्य वा ऋण असणे म्हणजेच रीमान यांचे गृहीतक. न्यूमन यांचा तर्क मात्र उलट्या दिशेचा होता: तो ऋण नाही. म्हणजे गृहीतक खरे असलेच, तर अगदी काठावर खरे. रॉजर्स व टाओ यांनी 2018 मध्ये हा तर्क सिद्ध झाल्याचे जाहीर केले. निबंध 2020 मध्ये छापला गेला. वरची मर्यादा 2019 मध्ये 0.22 होती. प्लॅट व ट्रुजन यांनी 3 लक्ष कोटी उंचीपर्यंतची शून्यस्थाने तपासून 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ती 0.2 वर आणली.